वीस घरं पुढे

काचेवर आतून पाणी धरलं होतं.

सकाळी उठून काटेवाल्याने उबवणीच्या पेटीवरचं फडकं बाजूला केलं आणि पहिली नजर तिथेच गेली. तळहाताएवढी काच, तिच्यावर बारीक थेंब, आणि त्यातला एक थेंब बाकीच्यांना पोटात घेत हळूहळू खाली उतरत होता. त्याने बोटाने काच पुसून पाहिली. बोट कोरडंच राहिलं. पाणी आत होतं, आणि आत नऊ अंडी होती. 

पाण्याची अशी धास्ती त्याला पूर्वी नव्हती. ती दीड महिन्यापूर्वी बसली. बायकोला इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, छातीत पाणी झालंय, फार उशिरा आणलंत. त्यानंतर दोन दिवस तो तिच्या खाटेशेजारी लोखंडी स्टुलावर बसून होता. पेल्याच्या तळाशी उरलेलं सरबत नळीने ओढताना होतो ना, तसा आवाज तिच्या प्रत्येक श्वासाला येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आवाज थांबला. तेव्हापासून नळाखाली भांडं भरताना बुडबुड झालं तरी त्याचा हात थांबायचा.

काटेवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. वाणी, भाजीवाले, सोनार, भंगारवाले, सगळे आपले तराजू घेऊन त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात यायचे, आणि चाळीस वर्षांत सगळ्यांनी मिळून त्याचं खरं नाव खाऊन टाकलं होतं. काटा ग्रॅमभर जरी खोटा बोलला तरी त्याला झोप लागायची नाही. बायको चिडवायची, जगाचे काटे सरळ करता आणि घरचा पंखा तिसऱ्या वर्षी बघता.

कोंबड्या तिच्या होत्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने आईकडून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या, काळ्याभोर, मानेला पांढरा पट्टा. तेव्हापासून तीस वर्षं तिने तोच वाण जपला. बाहेरची कोंबडी आणली नाही, बाहेरचं अंडं उबवलं नाही. पुढे आई गेली, आईचं घर विकलं गेलं, आणि त्या घरातलं जितंजागतं म्हणावं असं मागच्या अंगणातल्या खुराड्यात तेवढंच उरलं. म्हणून तिची धाकटी बहीणसुद्धा त्यांना कधी ताईच्या कोंबड्या म्हणायची नाही. आईच्या कोंबड्या म्हणायची.

बायको गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात, तो दुकानात असताना, भटक्या कुत्र्यांनी खुराड्याची जाळी उचकटली. संध्याकाळी तो परतला तेव्हा अंगणभर काळी पिसं होती. एकही वाचली नव्हती. तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि त्याला फळीवरची टोपली दिसली. मागच्या सहा दिवसांची अंडी तो रोज आणून तिच्यात ठेवत होता, कारण ती तसंच करायची. खायला मन झालं नव्हतं. मोजली तर अकरा निघाली.

जगात तो वाण आता तेवढाच होता. अकरा अंड्यांत.

पेटी त्यानेच तिला करून दिली होती, पंधरा वर्षांपूर्वी, एका दवाखान्याच्या जुन्या लाकडी कपाटाची. आत दिवा, दिव्याच्या उबेने चालू-बंद होणारा खटका, हवा फिरवायला चिमुकला पंखा, तळाशी पाण्याचं ताट, वरच्या बाजूला हवेसाठी दोन भोकं, भोकांना सरकती झाकणं. ऊब त्याच्या हातातली गोष्ट होती, ती त्याने एकदा लावून दिली ती कधी हलली नाही. ओलावा मात्र तिचा प्रांत. त्यासाठी तिने जुन्या बाजारातून एक गोल घड्याळासारखं यंत्र आणलं होतं आणि ते आत खिळ्याला टांगलं होतं. त्याच्या तबकडीवर शंभर घरं होती आणि एक काटा हवेत किती ओल आहे ते दाखवायचा. ती त्याला ओलाव्याचं घड्याळ म्हणायची.

आणि तिची वही होती. शाळेच्या वहीसारखी, कोपरे दुमडलेले. पंधरा वर्षांत घातलेली प्रत्येक उबवण तिने त्यात लिहिली होती. पहिल्या दोन उबवणी वगळता दर वेळी तेच: अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, एका बाजूला फुली, एका बाजूला गोल. पहिले अठरा दिवस ओलावा साठावर. शेवटचे तीन दिवस पंच्याऐंशीवर, अंडी फिरवायची नाहीत, दार उघडायचं नाही. दर वेळी शेवटी किती पिल्लं निघाली तो आकडा. बारात दहा. चौदात बारा. पंधरात तेरा.

अंडी आत ठेवायच्या आदल्या दिवशी काटेवाल्याने ते घड्याळ खाली काढलं. न तपासलेला काटा वापरणं त्याच्या रक्तात नव्हतं. ज्या म्हाताऱ्याकडे तो काम शिकला, त्याने त्याला एक युक्ती दाखवली होती: वाटीभर मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी, वाटी आणि घड्याळ एका बरणीत, झाकण घट्ट. दिवसभरात बरणीतल्या हवेचा ओलावा पंचाहत्तरावर येऊन थांबतो. कमी नाही, जास्त नाही. संध्याकाळी त्याने पाहिलं तर काटा पंच्याण्णवावर होता.

घड्याळ वीस घरं पुढे पळत होतं.

त्याला शरमल्यासारखं झालं. पहिल्याच वर्षी ती त्याला म्हणाली होती, तुमच्याच घरात एक खोटा काटा आहे बरं का. तो म्हणाला होता, उद्या बघतो. नंतर दोन-तीनदा आठवण केली, मग तिने विषय सोडला. त्या संध्याकाळी त्याने भिंग डोळ्याला लावलं, घड्याळाची पाठ उघडली, बारीक स्क्रू फिरवत फिरवत काटा पंचाहत्तरावर आणला, पुन्हा बरणीत ठेवून खात्री केली. पंधरा वर्षांनी का होईना, केलं, असं तो मनात तिला म्हणाला. मग तिच्या वहीत लिहिल्याप्रमाणे ओलावा साठावर आणला आणि अकरा अंडी आत ठेवली. ठेवण्याआधी सवयीने प्रत्येक अंडं सोनाराच्या नाजूक काट्यावर तोललं आणि पेन्सिलीने त्यावर नंबर आणि वजन लिहिलं.

सातव्या दिवशी विजेरी लावून पाहिलं तर दोन अंडी कोरी निघाली. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं होतं आणि मधे काळा ठिपका हलत होता. त्या दिवशी बायको गेल्यापासून पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

आज चौदावा दिवस होता, आणि काचेवर पाणी होतं.

दुकान उघडायच्या आधी तो कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात गेला. तिथला मालक जाडजूड, बोलका, हजारो पिल्लं उबवणाऱ्या केंद्रात उमेदवारी केलेला. काटेवाल्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, पेटीत ओल जास्त झाली तर काय होतं. खाद्यवाल्याने पोतं शिवता शिवता सांगितलं की अंडं म्हणजे पाण्याने भरलेली खोली. अठरा दिवसांत त्यातलं थोडं पाणी कवचातून उडून गेलं पाहिजे, तेवढी हवा रुंद टोकाला साठली पाहिजे. पिल्लू पहिला श्वास त्या हवेत घेतं. बाहेरच ओल असली तर आतलं पाणी जाणार कुठे.

"मग?" काटेवाल्याने विचारलं.

"मग काय. पिल्लू पूर्ण वाढतं, चोच उचलतं, आणि हवा समजून पाण्यात तोंड घालतं." त्याने दाभणातला दोरा ओढला. "कवचातच बुडतात, काटेवाले. बाहेरून अंडं अगदी ठणठणीत दिसतं."

 काटेवाल्याने विचारलं, बुडतंय की नाही ते आधी कळायचं कसं. खाद्यवाला हसला. म्हणाला, हे तुम्ही मला विचारता? वजन करा. अठरा दिवसांत अंड्याने आपल्या वजनाचा आठवा हिस्सा गमवायला हवा.

तो दुकान न उघडताच घरी आला. सोनाराचा काटा टेबलावर मांडला, खिडकी लावून घेतली, वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून. एकेक अंडं काढलं, तोललं, ठेवलं. चार नंबरचं अंडं पारड्यात ठेवताना टक् असा आवाज झाला. त्याने ते उजेडात धरून पाहिलं. तडा गेला नव्हता.

चौदा दिवसांत सरासरी साडेपाच ग्रॅम जायला हवे होते. गेले होते साडेतीन. आणि चार नंबर, सगळ्यात मोठं, जाड कवचाचं, त्याचे जेमतेम पावणेतीन.

काटे आयुष्यभर त्याच्याशी खरं बोलत आले होते. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, हा खोटा निघावा. त्याने वजनं बदलून पाहिली, पारडी उलटसुलट केली. काटा तेच सांगत राहिला.

धाकटी दुपारी आली. तिचं इस्त्रीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, आणि बहीण गेल्यापासून जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ती एक फेरी मारायचीच. काटेवाला पेटीसमोर जमिनीवर बसला होता, मांडीवर वही उघडी. भाऊजी, असे का बसलात, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने न थांबता सगळं सांगितलं. वहीत साठ लिहिलंय, मी साठच ठेवलं, एक घर इकडेतिकडे होऊ दिलं नाही. तरी अंडी पाण्याने भरलीत. घड्याळ तर मी मिठात ठेवून तपासलं होतं, वीस घरं पुढे पळत होतं, ते सरळ केलं.

धाकटी डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

"सरळ केलंत?"

"मग काय खोटंच ठेवू?"

"भाऊजी, अहो, ते वीस घरं पुढे पळतं हे ताईला ठाऊक होतं." ती खाली बसली. "पहिल्या दोन उबवणी वाया गेल्या तेव्हाच तिच्या लक्षात आलं. मी म्हटलं, भाऊजींकडून करून घे. तर म्हणाली, त्यांना जगाची कामं. पळू दे वीस घरं, मी धरून चालते. वहीत साठ म्हणजे तिचे साठ. खरे चाळीस."

काटेवाल्याने वहीकडे पाहिलं. तेच अक्षर, तोच साठ. त्याला एकदम सगळं दिसलं. पंधरा वर्षं तो खोटा काटा आणि ती वही एकमेकांना धरून चालले होते, आणि त्याने मधे हात घातला होता. जे काम तिने सांगितलं तेव्हा त्याने केलं नाही, ते ती गेल्यावर केलं, आणि त्यानेच तिची अंडी बुडत चालली होती.

  अजून चार दिवस आहेत, धाकटी म्हणाली. ताट बाहेर काढा.

त्यांनी ताट काढलं. हवेची दोन्ही झाकणं पूर्ण उघडली. धाकटीने आतली काच, कपाटाच्या कडा, कोपरे, सगळं कोरड्या फडक्याने पुसलं आणि हात आत घालून गालाला लावून पाहिला. कपडा किती ओला आहे ते ती बोटांनी नाही, गालाने ओळखायची. संध्याकाळपर्यंत काटा पंचविसावर आला.

ते चार दिवस काटेवाल्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. दुकानात बसायचा, पण गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारल्याशिवाय वर बघायचा नाही. एका सोनाराने काटा परत आणून दिला, म्हणाला, काटेवाले, तुम्ही दुरुस्त केलेला काटा पहिल्यांदाच परत आणतोय. घरी आला की तो अंडी फिरवायचा आणि प्रत्येक अंडं कानाशी धरायचा. काही ऐकू यायचं नाही. न येणंच चांगलं, असं धाकटी म्हणायची. पण त्याला वाटायचं, तो नळीतून ओढल्यासारखा आवाज आत चालू आहे आणि कवच जाड आहे म्हणून आपल्यापर्यंत पोचत नाही.

अठराव्या दिवशी पुन्हा तोललं. बाकीच्या अंड्यांचे सरासरी साडेपाच ग्रॅम गेले होते. आठवा हिस्सा नव्हता, पण जवळपास होता. चार नंबर मागेच होतं.

आणि आता, कोरडं केलेलं सगळं पुन्हा ओलं करायची वेळ आली होती. शेवटच्या तीन दिवसांत हवा कोरडी राहिली तर पिल्लाभोवतीचा पापुद्रा वाळतो आणि पिल्लू त्यात आवळलं जातं, हे वहीत नव्हतं, पण धाकटीने बहिणीकडून ऐकलं होतं. वहीतले पंच्याऐंशी म्हणजे खरे पासष्ट. काटेवाला पाण्याचा तांब्या घेऊन पेटीसमोर उभा राहिला आणि त्याचा हात वाकेना.

"द्या इकडे," धाकटी म्हणाली.

"नको. मीच." पण तो तसाच उभा. मग म्हणाला, "आत्ताच तर काढलं होतं ग पाणी."

धाकटीने त्याच्या हातातून तांब्या घेतला नाही. तिने पिशवीतून सुती कापडाची एक पट्टी काढली, तांब्यात बुडवली, पिळली, झटकली, गालाला लावली, पुन्हा थोडी पिळली. मोठ्या साहेबांच्या शर्टाला लागते तेवढीच ओल, म्हणाली, आणि पट्टी त्याच्या हातात दिली. ती त्याने ताटात पसरली, ताट आत ठेवलं आणि हवेची झाकणं अर्धी लावली. काटा चढू लागला. चाळीस, पन्नास, साठ. पासष्टावर थांबला नाही. काटेवाल्याने एक झाकण केसभर उघडलं. काटा सदुसष्टावरून मागे फिरला आणि पासष्टाशी येऊन राहिला.

मग धाकटीने एक काम केलं ज्याची त्याला कल्पना नव्हती. कपड्यांचं गाठोडं बांधायची सुतळी तिने पेटीच्या दोन्ही कड्यांतून ओवली आणि घट्ट गाठ मारली.

"ही मी सोडणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"मी काय लहान पोर आहे?"

"लहान पोर ऐकतं तरी," ती म्हणाली.

विसाव्या दिवशी दुपारी पहिली चोच दिसली. चार नंबरच्या अंड्याला. काटेवाला काचेला नाक लावून बसला. कवचाचा एक कपचा उडाला होता आणि आत काहीतरी हलत होतं. त्याला आधी आनंद झाला, तो पुरते पाच श्वास टिकला. मग त्याने नीट पाहिलं. भोक रुंद टोकाला नव्हतं. निमुळत्या टोकाला होतं, जिथे हवा नसते, तिथे.

एकविसाव्या दिवशी सकाळी भोक होतं तेवढंच होतं. दोन नंबर आणि सात नंबरला रुंद टोकाशी नव्या चिरा गेल्या होत्या, आतून बारीक चिवचिव येत होती. चार नंबरची चोच भोकातून दिसत होती. उघडायची. बराच वेळ जायचा. मग पुन्हा उघडायची. दर वेळी मधला वेळ वाढत होता. तो हे मोजत होता, मोजायचं नाही असं ठरवूनही. इस्पितळातल्या तिसऱ्या सकाळी त्याने असंच मोजलं होतं.

तो उठला, शिवणाच्या डब्यातून बायकोची कात्री घेऊन आला आणि सुतळीला लावली. फक्त दार उघडायचं, अंडं हातात घ्यायचं, कवचाचे चार तुकडे नखाने काढायचे. एक मिनिटाचं काम. त्याने दुसऱ्या हाताने धाकटीला फोन लावला. का लावला ते त्याला सांगता आलं नसतं.

चार नंबर मरतंय, तो म्हणाला, मी उघडतोय.

पलीकडे इस्त्री ठेवल्याचा आवाज झाला. धाकटीने विचारलं, बाकी कुणी टोचलंय का. त्याने सांगितलं, दोघांनी.

"मग उघडू नका. दार उघडलंत की आतली ओल एका दमात बाहेर. त्या दोघांचा पापुद्रा कागदासारखा चिकटेल, हलता यायचं नाही त्यांना. ताईने एकदा उघडलं होतं. एकापायी चार गेली. तेव्हापासून ती गाठ मारायची आणि मला सांगायची, तू सोड. भाऊजी, गाठ माझी नाही, तिचीच आहे."

काटेवाल्याच्या हातातली कात्री सुतळीवरच होती.

"ती म्हणाली होती, श्वास पुरत नाही," तो म्हणाला. "दुपारची वेळ होती. मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊ."  मग म्हणाला, "तेव्हाही मी थांबलोच होतो."

 हे धाकटीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर नुसती तिच्या दुकानातल्या वाफेची फसफस ऐकू येत होती. काटेवाल्याला वाटलं, आता ही कधीच बोलणार नाही. बोललीच तर काय बोलेल याचीही त्याला भीती वाटली.

"मी येते," ती शेवटी म्हणाली. "तोवर कात्री दुसऱ्या खोलीत ठेवून या."

त्याने कात्री दुसऱ्या खोलीत ठेवली. परत येऊन बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्याला चार नंबर दिसत होतं आणि डोळे दुसरीकडे वळत नव्हते. चोच उघडली. मिटली. शेजारच्या दोन नंबरने गोल फिरत कवच कापायला सुरुवात केली होती, टोपी उघडावी तसं. तो त्याला मनातून म्हणत होता, लवकर कर रे बाबा, तुझं झालं की त्याला काढता येईल. पण आता पाच नंबरलाही चीर गेली होती, मग आठला. एकाचं संपत नव्हतं तोवर दुसऱ्याचं सुरू होत होतं, आणि दार उघडायची वेळ काही येत नव्हती.

धाकटी आली तेव्हा दोन नंबरचं पिल्लू बाहेर पडून धापा टाकत होतं, ओलं, काळं, ओळखू न येण्यासारखं. ती काटेवाल्याशेजारी बसली. सकाळच्या बोलण्याबद्दल तिने काही विचारलं नाही. तिने काचेतून चार नंबरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि डब्यातलं जेवण काढून त्याच्यापुढे सरकवलं. ते दोघांनीही खाल्लं नाही. दुपार कलली तेव्हा चार नंबरची चोच उघडी होती ती तशीच उघडी राहिली. काटेवाल्याने शंभरपर्यंत आकडे मोजले. मग पुन्हा शंभर.

"गेलं," तो म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गाठ सोडली. सहा पिल्लं निघाली होती, वाळून फुललेली, काळी, आणि सहाही जणांच्या मानेभोवती फिकट पट्टा. दोन अंडी चोच न मारताच राहिली होती. धाकटीने पिल्लं खोक्यात घेतली आणि एकाला ओंजळीत धरून ती पाठमोरी झाली. तिचे खांदे हलत होते. काटेवाल्याने तिकडे पाहिलं नाही.

त्याने चार नंबर हातात घेतलं आणि कवच सोललं. तळहातावर पाणी सांडलं, बरंच. पिल्लू पूर्ण होतं, नखांपर्यंत. सगळ्यांत मोठं. धाकटीने ते पाणी पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली की काल उघडलं असतं तरी हे वाचलं नसतं. काटेवाल्याने मान हलवली. इस्पितळात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी आणली असती तर वाचली असती का, हे विचारायचा त्याला धीर झाला नव्हता, आणि आता विचारायला कुणी नव्हतं. त्याने चार नंबरला अंगणात, खुराड्याच्या भिंतीशी पुरलं आणि बराच वेळ नळाखाली हात धरला. पाणी वाहत होतं आणि त्याने हात मागे घेतला नाही.

आत येऊन तो टेबलाशी बसला. भिंग डोळ्याला लावलं, ओलाव्याच्या घड्याळाची पाठ उघडली आणि स्क्रू उलटा फिरवायला लागला.

"हे काय करताय?" धाकटीने विचारलं. "आता कुठे खरं झालं होतं ते."

"वही चुकीची ठरते."

"मग वहीतले आकडे बदला."

त्याने मान वर न करता सांगितलं की वहीत माझं अक्षर नको. मग मिठाची वाटी काढली, घड्याळ तिच्यासोबत बरणीत ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी फळीवर ठेवली. चांगला काटा जाणूनबुजून बिघडवायची त्याची ही पहिलीच वेळ होती. उद्या सकाळी तो पंच्याण्णवावर आला की तो पेटीतल्या खिळ्याला परत जाणार होता.

खोक्यात पिल्लं एकमेकांवर चढत होती. काटेवाल्याने एकाला उचललं आणि कानाशी धरलं. मग दुसऱ्याला. तिसऱ्याला. डोळे मिटून, प्रत्येकाला खूप वेळ. धाकटी बघत राहिली.

"काय ऐकताय?"

त्याने चौथं कानाशी नेलं.

"कोरडा आहे श्वास," तो म्हणाला. आणि पाचव्यासाठी हात पुढे केला.